चौथ्या पानावरची ओळ

लातूरहून आलेलं पत्र. लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या, अविवाहित, एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक आहेत. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या आईचं त्यांनी नऊ वर्षं केलं. गेल्या वर्षी ज्येष्ठात आई गेली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या घरात एकट्या राहिल्या. भाऊ पुण्याला असतो. 'तिथं एकटी कशाला राहतेस, इकडं ये' म्हणतो. आईचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतःसाठी अकरा कलमांचं वेळापत्रक करून कपाटावर चिकटवलं: पहाटे पाचला उठणं, प्राणायाम, पाऊण तास चालणं, इंग्रजी बोलायला शिकणं, एम.ए., आठ किलो वजन कमी करणं, रोज वीस पानं वाचन, शिवणकाम, बचत, मोबाइल कमी करणं, नियमित देवपूजा. एकोणीस दिवस लाल पेनानं खुणा झाल्या, विसाव्या दिवशी थांबल्या. त्या लिहितात, 'एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात. माझ्याच्यानं तेवढंही झालं नाही. मी मुळातच आळशी आहे का? शेजारच्या काकू म्हणतात, आता कुणासाठी मरमर करायलीस गं? मलाही तेच वाटायला लागलंय. एकट्या बाईनं ध्येयं ठरवायची तरी कशासाठी?'

ताई,

तुमच्या पत्रात 'आळशी' हा शब्द चार वेळा आलाय. पहिल्यांदा वाचला तेव्हाच मी थांबले, कारण त्याच्या आदल्याच पानावर तुम्ही लिहिलं होतं की आईची कूस दर दोन तासांनी बदलावी लागायची, रात्रीसुद्धा. गजर लावून उठायचं, पाठीखालची चादर सरळ करायची, पावडर लावायची, पाण्याचे दोन चमचे पाजायचे, परत दोन तासांनी तेच. आणि पुढं कंसात एक वाक्य: 'आईच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही.' ज्या घरात कुणी असं पडून राहिलंय, त्या घरातल्या माणसाला या कंसातल्या वाक्याची किंमत विचारा. नऊ वर्षं हे करणाऱ्या बाईला आळशी म्हणायची माझी तयारी नाही. तुम्हीही म्हणू नका.

मग वेळापत्रक का मोडलं? माझ्या मते तुमची शिस्त कुठं गेलेली नाही. गेलंय ते घड्याळ. आईची सातची गोळी, नऊची पेज, दुपारचं अंग पुसणं, संध्याकाळी खिडकीशी बसवणं, यांनी तुमचा दिवस बांधलेला होता. कधी उठायचं, कधी बाजारातून परतायचं, कधी झोपायचं, हे तुम्हाला ठरवावंच लागलं नाही. आता कॉलेजातून साडेपाचला घरी आलं की झोपेपर्यंतचे पाच तास सलग समोर उभे राहतात आणि हाक मारायला कुणी नसतं. एकटं राहण्यातली खरी अडचण मला हीच वाटते. एकटेपणाचं दुःख आहेच, त्याबद्दल पुढं बोलू. पण आधी हे लक्षात घ्या की दुसऱ्याच्या हाकेवर चालणारा दिवस स्वतःच्या हाकेवर आणायला वेळ लागतो. नऊ वर्षांची घडी एकोणीस दिवसांत मोडून दुसरी बसत नाही.

त्या एकवीस दिवसांच्या गोष्टीचं तर मनातूनच काढून टाका. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांच्या सवयींचा माग ठेवला होता. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला त्यात सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसामाणसांत फरक किती, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. मधला एखादा दिवस हुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातून दिसलं. तुमच्यासाठी त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे: त्या ९६ जणांनी प्रत्येकी एकच सवय निवडली होती. तुम्ही अकरा घेतल्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तुम्ही आईचं सगळं करून घागर न् घागर मोजून वापरली असणार. एका बादलीत अकरा कुंड्या भिजत नाहीत, हे लातूरकराला मी काय सांगावं?

आता त्या कपाटावरच्या कागदाबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'आमच्या गल्लीतल्या पोरांसारखं वेळापत्रक केलं.' इथं मला थोडं थांबायचंय. तुमच्या गावात दरवर्षी महाराष्ट्रभरातून पोरं-पोरी अकरावी-बारावीला येतात. खोल्या, मेस, क्लास, अभ्यासिका. खोलीच्या भिंतीवर 'टार्गेट ६५०' लिहिलेलं आणि त्याखाली पहाटेपासून रात्रीपर्यंतचे रकाने. तुम्ही रोज त्यांच्यामधून कॉलेजला जाता. ध्येय म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं तेच चित्र येणार, त्यात नवल नाही. पण त्या पोरांच्या ध्येयाला परीक्षेची तारीख आहे, निकाल आहे, गावाकडून रोज फोन करून 'टेस्टला किती पडले' विचारणारे आई-बाप आहेत. दोन वर्षं रेटायचं, मग सुटका. तुमच्या आयुष्याला तशी तारीख नाही. रेटून काढायची दोन वर्षं नाहीत ही, राहायचं आयुष्य आहे. परीक्षार्थीचा साचा त्याला बसवला, तर तो तीन आठवड्यांत तडकणारच.

काकूंच्या प्रश्नाकडं वळते. 'कुणासाठी?' हा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे. नोकरीची पहिली सहा वर्षं मी नांदेडला एका खोलीत एकटी राहिले. तिथं असताना मी खात्याची परीक्षा द्यायची ठरवली, रात्र-रात्र जागून अभ्यास केला आणि पास झाले. निकाल कळला त्या संध्याकाळी पेढ्यांचा पाव किलोचा पुडा घेऊन घरमालकिणीच्या दारापर्यंत गेले. आतून त्यांच्या घरच्यांच्या जेवणाचे आवाज येत होते. मी कडी न वाजवता परत आले आणि तो पुडा चार दिवस फळीवर तसाच राहिला. तेव्हा मला वाटलं, बघणारं कुणी नसेल तर मिळवून उपयोग काय? बरीच वर्षं मी तसंच मानत होते. आज वाटतं, माझ्या दोन वेगळ्या गरजा मी एकत्र बांधून टाकल्या होत्या. एक, मला जे मनापासून करायचंय ते करणं. दुसरी, ते कुणालातरी सांगता येणं. दुसरी भागत नव्हती म्हणून मी पहिलीच निरर्थक ठरवली. तुमचंही तेच होतंय का, बघा. काकूंना कदाचित म्हणायचं असेल, 'आता जरा विसावा घे.' पण तुमच्या कानात ते उतरलंय 'तू स्वतः कुणी नाहीस' असं. तुम्ही कुणीतरी आहात, ताई. नऊ वर्षं आईसाठी पेज मऊ शिजवणाऱ्या हातांनी स्वतःसाठी वरण-भात शिजवला, तर त्यात स्वार्थ कुठला आला?

यावरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की ओट्यापाशी उभ्या उभ्या, कढईतूनच जेवून घेता. बाकी काही करा न करा, हे एवढं आजपासून बदला. ताट घ्या, पाण्याचा तांब्या भरून शेजारी ठेवा, बसून जेवा. भाकरी एकच असू दे, पण ताटात. याला मी ध्येय म्हणणार नाही, हा पाया आहे.

आता अकरा कलमं. मी कागद घेऊन एकेकापुढं लिहिलं की हा आवाज कुणाचा. पाचला उठणं: गल्लीतल्या पोरांचा. इंग्रजी: तुम्हीच लिहिलंय, भाच्याच्या साखरपुड्यात कुणीतरी इंग्रजीत बोललं आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही, म्हणजे हा त्या दिवशीच्या अपमानाचा आवाज. एम.ए.: 'एवढा वेळ आहे तर शिक्षण पूर्ण कर,' हा भावाचा. वजन: डॉक्टरांचा, आणि तो ऐकायलाच हवा. मोबाइल, बचत, शिवण: सगळ्यांचाच. हे सगळं चुकीचं आहे असं नाही. एम.ए. मुक्त विद्यापीठातून पुढच्या वर्षीही करता येईल. पण ज्यात तुमचा स्वतःचा आवाज ऐकू येईल असं मला एकही कलम सापडलं नाही.

तो सापडला पत्राच्या चौथ्या पानावर. तिथं तुम्ही प्रयोगशाळेबद्दल सांगताना लिहून गेलाय: 'आई पडल्या पडल्या खिडकीतून बाहेरच्या रानगवताची नावं सांगायची. कुर्डू, केना, आघाडा, तरोटा. त्यातली काही नावं आमच्या पुस्तकात नाहीत. कधीतरी ती सगळी लिहून काढावी वाटतात, पण ते काही महत्त्वाचं नाही.'

ही ओळ मी दहादा तरी वाचली. अकरा कलमांत ती नाही, आणि तुम्हीच पुढं 'महत्त्वाचं नाही' म्हणून ती पुसलीय. सगळ्या पत्रात तुमचं वाक्य जिवंत होतं ते इथंच. आणि बघा, तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहात. झाड कसं खुडायचं, वर्तमानपत्राच्या घडीत कसं दाबायचं, ओल धरू नये म्हणून कागद कधी बदलायचे, ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या जाड कागदावर ते कसं डकवायचं आणि खालच्या कोपऱ्यात काय नोंदायचं, हे तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांसाठी वर्षानुवर्षं करताय. मी तुम्हाला त्यातलं काय शिकवणार!

म्हणून माझी सूचना अशी. अकराच्या जागी एकच ध्येय घ्या: आठवड्याला एक वनस्पती. एक कागद, त्यावर शास्त्रीय नाव, तारीख, ठिकाण, आणि आई म्हणायची ते नाव. आई काय म्हणायची ते आठवत नसेल, तर कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून मिळालेलं नाव. वर्षाचे बावन्न होतील. चाळीस झाले तरी पेटी भरेल. हे करायला पाचला उठावं लागत नाही. हे करताना चालणं आपसूक होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यातली बरीच मिनिटं बार्शी रोडच्या कडेनं गवत धुंडाळताना भरतील, फक्त खुडायला थांबलात की उरलेली वाट जरा झपाट्यानं चाला. सुट्टीच्या दिवशी चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटावर जाऊन या. औषधी वनस्पतींसाठी ते ओळखलं जातं, तुम्हाला ठाऊकच असेल. एसटीला आपल्याला बायकांना अर्धंच तिकीट लागतं. बेटावरचं काही खुडू मात्र नका. फोटो आणि नोंद पुरे. आपल्या कागदासाठी बांधावरचं, रस्त्याकडेचं तण भरपूर आहे.

तुम्ही म्हणाल, हे बदललं तर? दोन महिन्यांनी कंटाळा आला तर? तर बदला. मी सांगितलं म्हणून तुम्ही हेच घेतलंत, तर ते बारावं परकं कलम होईल. आधी पंधरा दिवस एक साधी वही ठेवा. रोज रात्री दोनच ओळी: आज कुणी न सांगता मी काय केलं, आणि आज कोणती वेळ जाता जात नव्हती. पंधरा दिवसांनी सलग वाचा. पहिल्या ओळीत तुमचा ओढा दिसेल. दुसरीत दिसेल की ध्येयाला जागा कुठं द्यायची. माझा अंदाज आहे, तुमची न सरणारी वेळ संध्याकाळी सहा ते साडेसात, म्हणजे आईला खिडकीशी बसवण्याची. चुकत असेन तर वही सांगेल.

ती जागा सापडली की ध्येय तिथं खुंटीला अडकवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांचं बरंच काम याच्यावर आहे: 'मी हे करीन' एवढंच ठरवणाऱ्यांपेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त होतं. आपल्याकडं खुंट्यांना तोटा नाही. नळाला पाणी येण्याचा दिवस घ्या. त्या दिवशी तुम्हाला घरी थांबावंच लागतं, नाहीतर पुढच्या पाळीपर्यंत हाल. तर पाणी भरून झालं, टाकीचं झाकण लावलं, की हात पुसून टेबलाशी बसायचं आणि दाबलेल्या झाडाचे कागद बदलायचे. रविवारी बाजारातून भाजी आणली, की पिशवी ठेवून आठवड्याचा कागद डकवायचा. मनाच्या उभारीची वाट बघायची नाही, टाकीच्या झाकणाची बघायची.

मग उरली ती दुसरी गरज, सांगण्याची. त्या पेढ्याच्या पुड्यानं मला शिकवलं की ही सोय आधीच करून ठेवायला हवी. एक माणूस निवडा, एकच. तुमच्या पत्रात निवृत्त झालेल्या विभागप्रमुख मॅडमचा उल्लेख आहे, ज्या अजून फोन करतात. त्यांना सांगा, 'दर रविवारी रात्री मी तुम्हाला झाडाचं नाव कळवणार. नाही कळवलं तर तुम्ही विचारायचं.' भावाला हे काम देऊ नका. तो प्रेमानं विचारील, पण एखादा आठवडा चुकला की त्याला ते तुम्ही पुण्याला यावं याचं कारण वाटेल. स्टेटसलाही टाकू नका, निदान येळवशीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या रानातल्या सणापर्यंत.

येळवशीचं नाव मुद्दाम घेतलं. परीक्षेची तारीख नको म्हटलं, तरी मागं वळून बघायला एखादा दिवस लागतोच. औशाजवळचं तुमचं दोन एकर बटईनं दिलंय म्हणता. मार्गशीर्ष अमावास्येला तिथं जा. कडब्याच्या कोपीपाशी भज्जी-आंबिलीला सगळी जमतील, त्यात गावातल्या जुन्या बायका असतील. आता भाद्रपद चाललाय. तोवर चौदा-पंधरा कागद झालेले असतील. ते पिशवीत घालून न्या आणि जेवणं झाल्यावर बांधावर पसरा. कोणत्या झाडाला कोण काय म्हणतं यावरून जी चर्चा होईल, तिच्यातून पुढचे तीन महिने निघतील. काहीच झालेलं नसेल तरी जा. रिकाम्या हातानं गेलात तरी आंबील मिळणारच.

पुण्याचं थोडक्यात. जायचं की नाही हा मोठा प्रश्न आहे, आणि मोडलेल्या वेळापत्रकाच्या रागात त्याचं उत्तर देऊ नये. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस राहून या, पाहुणी म्हणून नव्हे, तर तिथं आपला दिवस कसा जाईल हे बघायला. घर विकायचा किंवा नोकरी सोडायचा विचार पुढचं वर्षभर बाजूला ठेवा. तोवर घराच्या कागदांवर वारसांची नावं लावून घेण्याचं काम मात्र भावाला सोबत घेऊन उरका.

एकट्यानं राहणाऱ्या प्रत्येकानं करावीत अशी काही कामं आहेत, ती ध्येयांच्या आधीची. घराची एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडं द्या. तुमच्याबाबतीत त्या काकूच बऱ्या, 'करायलीस गं' म्हणणारी बाई आडवेळी धावत येते. चालू गोळ्यांची नावं आणि दोन फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ११२ हा आणीबाणीचा नंबर पाठ असू द्या. हे सगळं एका रविवारच्या दुपारी होतं.

आणि एक गोष्ट काळजीनं विचारते. तुम्ही लिहिलंय की रात्री दोनला अजून जाग येते आणि हात आईच्या बाजूला जातो. नऊ वर्षांची सवय शरीर इतक्यात विसरणार नाही, त्यानं घाबरू नका. पण झोप अशीच तुटत राहिली, जेवणावरची वासना गेली, कॉलेजात जायलाही पाय उचलेनासे झाले किंवा जगण्याचाच कंटाळा मनात येऊ लागला, तर वही आणि झाडं बाजूला ठेवून आधी मदत घ्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. दुखरं मन घेऊन वेळापत्रक पाळायचा हट्ट धरू नये. ताप अंगात असताना आपण रानात जातो का?

हे वाचणाऱ्यांत बदलीच्या गावी खोली करून राहणारे ग्रामसेवक असतील, पोरं पुण्या-मुंबईला गेल्यावर वाड्यात एकटे उरलेले काका असतील, अभ्यासिकेतून रात्री अकराला कुलूप उघडून खोलीत शिरणारी पोरगी असेल. तुमचं झाड वेगळं असेल. काकांचं कदाचित जुन्या जमाखर्चाच्या वह्या लावणं असेल, ग्रामसेवकांचं पेटी वाजवायला शिकणं. वही, खुंटी आणि विचारणारा एक माणूस एवढं मात्र तुम्हीही करून बघा. पोरीनं परीक्षा होईपर्यंत फक्त ताट घेऊन बसून जेवावं. एवढं पुरे.

ताई, कपाटावरचा कागद फाडू नका. काढून वहीच्या शेवटच्या पानात घडी करून ठेवा; एकोणीस लाल खुणा काही थोड्या नाहीत. कुर्डू सध्या फुलावर आहे, पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांनी बांध भरलेत. पहिला कागद त्याचा की दुसऱ्या कशाचा, ते तुम्ही ठरवा. येळवस झाली की मला चार ओळी लिहा. किती कागद झाले, आणि आईची कोणती नावं गावात अजून कुणाच्या तोंडी सापडली, ते मी विचारणार आहे.